खाट कोणाची?

महानगरातील आरोग्याचा विषय निघाला की बोलणे सहसा रुग्णालये किती आणि डॉक्टर किती यावर येऊन थांबते. मला त्यात एक निराळाच प्रश्न दडलेला दिसतो: खाट एक आणि रुग्ण दोन असतील, तर निवड कोणी करावी, आणि त्या निवडीचा जाब कोणी द्यावा?

८ जुलै १९९२ रोजी बंगालमधील एक शेतमजूर आगगाडीतून पडला. डोक्याला जबर मार लागलेल्या त्या माणसाला घेऊन सोबतीचे लोक कलकत्त्यातील एकामागून एक सरकारी रुग्णालये फिरले. ‘खाट नाही’ हे उत्तर जागोजाग तयार होते. अखेर खासगी रुग्णालयात सुमारे १७,००० रुपये मोजावे लागले. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने हा संविधानाच्या २१ व्या अनुच्छेदाचा भंग ठरविला, २५,००० रुपयांची भरपाई देवविली आणि खाट कोठे रिकामी आहे हे तत्काळ कळावे म्हणून मध्यवर्ती संपर्कव्यवस्थेची गरजही सांगितली. माझ्या मते ही शेवटची गोष्ट अधिक मोलाची होय.

ती व्यवस्था आता यंत्राच्या आवाक्यात आली आहे. २०२० साली मुंबई महापालिकेने आपल्या २४ विभागांत खाटा नेमून देणारे कक्ष चालविले. उद्या तेच काम संगणक क्षणार्धात करील. परंतु यंत्र तरी निःपक्षपाती असते काय? अमेरिकेत २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की, अधिक शुश्रूषा कोणाला द्यावी हे ठरविणारी एक संगणकीय पद्धत रुग्णावर होणाऱ्या खर्चालाच गरजेचे माप समजत होती. तेथील कृष्णवर्णीयांवर मुळातच कमी खर्च होत असे; म्हणून तितकेच आजारी असूनही ते यंत्राच्या लेखी निरोगी ठरत. माणसांचा जुना भेदभाव यंत्राने निमूटपणे पुढे चालविला. आपल्याकडे २०२१ साली १८ ते ४४ वयोगटाला लशीसाठी संगणकीय नोंदणी सक्तीची झाली, तेव्हा ज्याच्या हाती साधनच नाही त्याने काय करावे, हे सर्वोच्च न्यायालयाला विचारावे लागले.

देवळात दर्शनाची रांग सर्वांना सारखी. तरी आंधळ्या म्हाताऱ्याला कोणी हात धरून पुढे नेले तर शहाणा भाविक कुरकुरत नाही. (पैसे मोजून पुढे जाणाऱ्याविषयी तो कुरकुरतो, आणि ते रास्तच आहे.) हा विवेक यंत्रात घालता येईल, मात्र तो घालणाऱ्याचे नाव कोठेतरी नोंदलेले असले पाहिजे. खाट नाकारणाऱ्या अधिकाऱ्याला न्यायासनापुढे उभे करता येते. यंत्राने नाकारलेल्या रुग्णाच्या हाती लेखी कारणही पडणार नसेल, तर त्याने २१ व्या अनुच्छेदाखाली प्रतिवादी कोणाला करावे?