भगव्या वस्त्रातला खासदार

संन्याशाने निवडणूक लढवावी का? हिंगोलीहून वाशीमकडे जाताना लागणाऱ्या कनेरगाव नाक्याच्या परिसराला हा प्रश्न परका नाही. १९४८ पर्यंत अलीकडे निजामाचा अंमल होता, पलीकडे वऱ्हाड. आणि अलीकडच्या मुलखाचा लढा चालवला तो एका संन्याशाने. सिंदगीला १९०३ मध्ये जन्मलेले व्यंकटेश खेडगीकर १९३२ मध्ये स्वामी रामानंद तीर्थ झाले. १९३८ च्या सत्याग्रहापासून ते तुरुंगाच्या वाऱ्या करत राहिले, हैदराबाद स्टेट काँग्रेसचे अध्यक्ष झाले, १९५२ मध्ये गुलबर्ग्यातून आणि १९५७ मध्ये औरंगाबादेतून लोकसभेवर गेले. परंपरेच्या काटेकोर दृष्टीने हा व्रतभंगच. ज्ञानेश्वरांचे वडील विठ्ठलपंत संन्यासातून संसारात परतले, तर त्याची शिक्षा मुलांनीही भोगली. पण गीतेच्या अठराव्या अध्यायाने कर्म सोडायला सांगितलेले नाही, आसक्ती सोडायला सांगितली आहे. म्हणून अशा माणसाची परीक्षा त्याने सत्ता जवळ केली का यावर नव्हे, ती हातून जाताना तो कसा वागला यावर व्हावी.

या कसोटीवर १९५६ हे वर्ष महत्त्वाचे. हैदराबाद राज्याचे भाषेनुसार त्रिभाजन व्हावे असा स्वामीजींचा आग्रह होता. ज्या राज्यात त्यांचा शब्द चालत होता तेच राज्य त्यामुळे नकाशावरून जाणार होते, आणि गेले. मराठी लोकांची मागणी होती, त्यात त्याग कसला, असे कोणी म्हणेल. पण मागणी लोकांची असली तरी घर पुढाऱ्याचेच मोडत होते. पक्षांतर्गत गटबाजीत तेही ओढले गेले, हे खरे. तेवढ्याने कसोटी ढळत नाही.

अवघड आक्षेप वेगळाच आहे. संन्यासी सर्व भूतांना अभय देतो. स्टेट काँग्रेसच्या सरहद्दीवरच्या शिबिरांतून मात्र बंदुका चालल्या. शिवाय मुसलमान राजा आणि बहुसंख्य हिंदू प्रजा असताना पुढाऱ्याच्या अंगावरचे भगवे वस्त्र निरुपद्रवी कसे? दुसऱ्या शंकेला इतिहास उत्तर देतो: धार्मिक संघटनांच्या सत्याग्रहाशी गल्लत होऊ नये म्हणून गांधीजींच्या सल्ल्याने स्टेट काँग्रेसने डिसेंबर १९३८ मध्ये आपला सत्याग्रह थांबवला, आणि मागणी जबाबदार राज्यपद्धतीचीच ठेवली. पहिल्या शंकेला इतके स्वच्छ उत्तर नाही. निजामाची बाजू घेणाऱ्या सशस्त्र रझाकारांपुढे गावे उघडी टाकणे हेही अभयदान नव्हते, एवढेच म्हणता येते. व्रताला डाग लागला नाही, असे म्हणता येत नाही. तो डाग पत्करून केलेले कर्म मला हात झटकून बसलेल्या शुद्धतेपेक्षा संन्यासाच्या अधिक जवळचे वाटते.