जाडी कोण मोजतो?

भागवत सप्ताह उठला की देवळाच्या भिंतीवर जमाखर्चाचा कागद लागतो. धनज बुद्रुक असो नाहीतर वाशीम जिल्ह्याच्या कारंजा तालुक्यातलं दुसरं कुठलंही गाव, हा कागद वाचायला माणसं थांबतात. कोणाच्या नावापुढे एकशे एक, कोणाच्या अकराशे, मंडपवाल्याला किती गेले, महाप्रसादाचं तेल कितीचं आलं, सगळं बोट ठेवून वाचतात. बेरजेत पन्नास रुपये चुकले तर दिवेलागणीपर्यंत गावभर होतं. त्याच देवळाकडे जाणाऱ्या सिमेंट रस्त्याच्या तोंडाशी आणखी एक फलक असतो: योजनेचं नाव, अंदाजित किंमत, कंत्राटदार, दोषदायित्व कालावधी. त्याला म्हशी अंग घासतात.

सरकारी पैसा कोणाचाच नसतो, म्हणून असं होतं, असं म्हणतात. मला ते पटत नाही. वर्गणीचा कागद गावानं वाचावा म्हणून लिहिलेला असतो, सरकारी कागद लेखापरीक्षकानं वाचावा म्हणून. प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, कार्यारंभ आदेश, उपयोगिता प्रमाणपत्र ही भाषाच अशी की माणूस दारातूनच परततो. खरं तर प्रत्येक शब्दामागे साधा प्रश्न आहे. काम करायचं असं कोणी ठरवलं? अंदाजपत्रक कोणी तपासलं? सुरू कधी झालं? पैसे त्याच कामावर गेले, असं कोणी लिहून दिलं?

या सगळ्या कागदांत मला सर्वांत बोलकी वाटते ती मोजमाप वही, सगळे जिला एमबी म्हणतात ती. तिच्यात विशेषणं नाहीत; लांबी, रुंदी, जाडी, गुणाकार. १०० मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि १५ सेंटिमीटर जाड रस्ता म्हणजे ४५ घनमीटर काँक्रीट. आता जाडी १० सेंटिमीटरवर आणा: ३० घनमीटर. एक तृतीयांश माल गेला, आणि वरून रस्ता तसाच गुळगुळीत. लांबी कोणी चोरत नाही, ती पोरगंही पावलांनी मोजेल. चोरायची ती जाडी, आणि ती दिसते फक्त कडेला, तीही मुरमाचा भराव पडेपर्यंत. ती वेळीच तपासायची सोय मात्र कायद्यात आहे. माहिती अधिकार कायदा २००५ चा. त्यात नुसत्या झेरॉक्स मिळण्याचा नाही, काम पाहण्याचा, टिपणं घेण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने मागण्याचाही हक्क आहे. हा हक्क वापरणारे किती भेटतात?

भेटतात ते ‘माहिती टाकणारे’. आपल्याकडे माहिती मागत नाहीत, टाकतात, आणि बहुधा कोणाच्या तरी अंगावर. निवडणूक हरली की अर्ज; बांधावरून वाजलं की अर्ज. ‘मागील दहा वर्षांतील सर्व कामांची सर्व कागदपत्रे’ असा एक नमुना मी पाहिला आहे. ती मिळाली असती तरी वाचली कोणी असती? २०१२ पासून महाराष्ट्रात अर्जाला एक विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा आली. त्यावर ओरड झाली, तीत तथ्यही आहे. पण एका रस्त्याची एमबी मागायला दीडशे शब्द जरा जास्तच होतात.

वाचणं ही वेगळीच गोष्ट. २६ मार्च १९०२ रोजी गोपाळ कृष्ण गोखले कलकत्त्याच्या कायदेमंडळात अर्थसंकल्पावर बोलले, तेव्हा त्यांच्या हाती चोरून आणलेला एकही कागद नव्हता. आकडे सरकारचेच. आकडेवारी वाचायची कशी, याचे धडे त्यांना गणेश व्यंकटेश जोशी या सरकारी शाळेतल्या शिक्षकाकडून मिळाले होते. दुष्काळात माणसं मरत असताना तिजोरीत शिल्लक कशी, एवढंच गोखल्यांनी विचारलं. त्या दुष्काळात वऱ्हाडही होरपळलं होतं. वाशीम तेव्हा वऱ्हाडचा जिल्हा होता. पुढच्या वर्षी मिठावरचा कर उतरला. (१९०५ मध्ये वाशीमचं जिल्हेपण गेलं आणि १ जुलै १९९८ ला परत आलं, मधली ९३ वर्षं इथल्या माणसाला जिल्ह्याच्या कागदासाठी अकोला गाठावं लागे.)

आज मोबाइलवर ई-ग्रामस्वराज उघडलं की कुठल्याही पंचायतीचा आराखडा आणि खर्च दिसतो. पारदर्शकता म्हणतात ती हीच, असं समजून आपण खूश होतो. पडद्यावर दिसतं ते पैसे गेले एवढंच. जलयुक्त शिवार या जलसंधारणाच्या योजनेवर ९,६३३ कोटी रुपये गेले, हेही नोंदलेलंच होतं. भूजलपातळीवर त्याचा फारसा परिणाम झाला नाही, हे सांगायला २०२० मध्ये महालेखापरीक्षकांचा अहवाल यावा लागला. विहिरीचं पाणी किती हात खाली गेलं, हे शिवारातल्या माणसाला आधीच ठाऊक असतं. त्याच्यासमोर फक्त खर्चाचा कागद नसतो. ज्याच्यासमोर कागद असतो, त्यानं विहिरीत डोकावलेलं नसतं. संगणकानं हे अंतर कमी केलं, असं मला वाटत नाही. उलट ‘सगळं ऑनलाइन आहे’ हे जागेवर न जाण्याचं नवं कारण झालं आहे.

२६ नोव्हेंबर २०१८ च्या शासन निर्णयानं जिल्हा पातळीवरच्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ ही वेळ नागरिकांना अभिलेख पाहण्यासाठी राखून ठेवली आहे. एखाद्या सोमवारी वाशीमला जा, एकाच रस्त्याची एमबी पाहा, तीन आकडे वहीत उतरवा. आणि परत आल्यावर भराव पडायच्या आत टेप घेऊन कडेला बसा.