सोडून दिलेला मासा

मासा गळाला लावायचा, झुंजवत काठाशी आणायचा, क्षणभर हातात धरायचा आणि पुन्हा पाण्यात सोडून द्यायचा. खायचा नाही, विकायचा नाही. मासा जिवंत परत गेला म्हणजे हिंसा झालीच नाही, असं हौशी गळवाले मनापासून मानतात. हे मानणं कितपत टिकतं?

हे हौशी गळवाले जिथे येतात, त्या पुण्याजवळच्या मुळशी तलावाच्या पाण्याला हिंसा-अहिंसेचा प्रश्न नवा नाही. नीला आणि मुळा या नद्यांच्या संगमाजवळ टाटा कंपनीने धरण बांधायला घेतलं, तेव्हा पन्नासच्या आसपास गावांवर पाणी फिरणार होतं. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, शेतकरी धरणाच्या जागेवर जाऊन बसले. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट पुढे होते. बापटांना ‘सेनापती’ हे नाव याच लढ्याने दिलं. नुसत्या बसून राहण्याने काही हलेना, तेव्हा १९२४ मध्ये बापटांनी बांधकामाची रेल्वे बळाने अडवली आणि सात वर्षांची शिक्षा ओढवून घेतली. हेतू निर्मळ असला की हात उगारणंही निर्मळ ठरतं का, हा पेच तेव्हाचा. धरण १९२७ मध्ये पुरं झालं. जे पाणी मुळेतून भीमेला, कृष्णेला आणि शेवटी बंगालच्या उपसागराला जायचं, त्यातलं बरंचसं आता घाटाखाली भिऱ्याच्या वीजघरात कोसळतं आणि कुंडलिकेतून अरबी समुद्राला मिळतं.

माणसांच्या चुली उठल्या, तशी माशांचीही वाट अडली. महाशीर हा चढणीचा मासा: पावसाळ्यात अंडी घालायला प्रवाहाच्या उलट, खडकाळ झऱ्यांपर्यंत वर जातो. धरणाची भिंत तो ओलांडू शकत नाही. दख्खनच्या महाशीरचं पहिलं शास्त्रीय वर्णन याच खोऱ्यातलं आहे. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने पुण्याजवळच्या मुळा-मुठेत तो पाहिला आणि १८३९ साली त्याची नोंद केली.

तलावाकाठी चार दिवस सहकुटुंब राहायला येणाऱ्यांमध्ये गळाचा दांडा बाळगणारा एखादा असतोच. परदेशी मासिकांतून त्याने ‘फ्लाय फिशिंग’ पाहिलेलं असतं. त्यात आमिष म्हणून गांडूळ नसतं. बारीक गळावर पीस, लोकर आणि रेशमी धागा गुंडाळून माशीचा किंवा बारक्या माशाचा भास तयार करतात. वजन असतं ते दोरीला. दांडा मागे-पुढे झुलवला की दोरीचा वळसा हवेत उलगडत जातो आणि ती नकली माशी पाण्यावर अलगद टेकते. यातलं कसब खरोखर देखणं आहे. या कलेत मानाची समजली जाणारी ट्राउट मासळी मात्र मुळशीत नाही. तिला थंड पाणी लागतं. इंग्रजांनी ती काश्मीर, कुलू आणि निलगिरीत आणून रुजवली, सह्याद्रीचं उन्हाळी पाणी तिला सोसणारं नाही. इथे या कलेचा मानकरी महाशीरच.

जाणकार गळवाला माशाची काळजीही घेतो. गळाचा उलटा काटा चिमट्याने दाबून सपाट करतो, म्हणजे तो सहज निघतो. हात आधी ओले करतो, कारण कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तिथे बुरशी धरते. दमलेल्या माशाला तोंड प्रवाहाकडे करून पाण्यात धरून ठेवतो. कल्ल्यांची उघडझाप नीट सुरू झाली आणि शेपटीने झटका दिला की मगच सोडतो. ही माया खोटी नाही.

पण माशाच्या बाजूने पाहिलं तर? लिन स्नेडन या ब्रिटिश संशोधिकेने २००३ मध्ये ट्राउटच्या तोंडाभोवती आणि डोक्यावर इजा ओळखणाऱ्या मज्जातंतूंचं जाळं दाखवून दिलं. ओठात मधमाशीचं विष किंवा सौम्य आम्ल टोचलेले मासे अन्न टाळत, जागच्या जागी डुलत. काही तर तळच्या खड्यांवर ओठ घासत. मॉर्फिन दिल्यावर हे वागणं कमी झालं. जेम्स रोझ, ब्रायन की यांच्यासारखे शास्त्रज्ञ हे मानत नाहीत. वेदना जाणवायला मेंदूचा जो थर लागतो तो माशाला नाही, हा त्यांचा मुद्दा. वाद मिटलेला नाही. तरीही संशयाचा फायदा कोणाला द्यायचा, हे ठरवायला प्रयोगशाळेच्या निकालाची वाट पाहावी लागत नाही. ज्याच्या ओठात गळ आहे, तो फायदा त्याचा.

जैन विचाराने या प्रश्नाचा नेमका सांधा फार पूर्वीच पकडला होता. गृहस्थाला संपूर्ण अहिंसा जमणार नाही, हे मान्य करूनच श्रावकाची व्रतं आखली आहेत. त्यांत एक आहे अनर्थदंडविरती, म्हणजे निष्कारण इजा टाळण्याचं व्रत. चूल, शेत, घर यांसाठी होणारी हिंसा वेगळी आणि जिच्यावाचून काहीच अडत नव्हतं ती वेगळी. गंमत म्हणून केलेली इजा दुसऱ्या खात्यात जाते, मग जीव वाचलेला असो.

महाभारताच्या वनपर्वातला धर्मव्याध हीच गोष्ट उलट्या टोकाने सांगतो. मिथिलेच्या बाजारात मांस विकणारा हा माणूस तपस्वी कौशिकाला धर्म शिकवतो. नांगराखाली किती जीव चिरडतात, चालताना पायाखाली किती मरतात, याची तो आठवण करून देतो. आपल्या धंद्याला तो पुण्य म्हणत नाही. त्यातला दोष ओळखून, मर्यादा पाळून तो जगतो. खाण्यासाठी मासा मारणाऱ्याला हा आधार मिळतो. खेळण्यासाठी धरणाऱ्याला तो कुठून मिळणार?

स्वित्झर्लंडने तर याचा कायदाच केला. २००८ च्या तिथल्या प्राणिसंरक्षण नियमांनुसार, सोडून देण्याच्या इराद्याने मासेमारी करायला मनाई आहे. आपल्याकडच्या हौशी मंडळींना हे चक्रावून टाकणारं वाटतं: मारलं तर चालेल आणि सोडलं तर गुन्हा? पण अनर्थदंडाचा विचार समजलेल्याला त्यात विसंगती दिसणार नाही.

गळवाल्यांची खरी भक्कम बाजू वेगळीच आहे. महाशीर टिकावा म्हणून पदरमोड करणाऱ्यांत ते पुढे होते. कावेरीवर भीमेश्वरी, गालिबोरे इथल्या त्यांच्या तळांवर पूर्वी चोरून मासे मारणारेच राखणदार झाले; वन्यजीव अभयारण्यात गळ टाकण्याला बंदी आल्यावर तिथली गळवाल्यांची वर्दळ थांबली आणि सुरुंग लावून मासे मारणाऱ्यांना रान मोकळं झालं, अशी तक्रार आहे. ही तक्रार झटकून टाकता येत नाही. परंतु त्याच कावेरीने दुसराही धडा दिला. टाटांच्या लोणावळ्याच्या वळवण केंद्रात १९७० च्या दशकापासून महाशीरची पैदास होते. तिथली बोटुकली सद्भावनेनेच दूरदूरच्या नद्यांत सोडली गेली. कावेरीत दख्खनचा महाशीर फोफावला आणि तिथला मूळचा कुबडा महाशीर नाहीसा होत आला. २०१८ मध्ये तो अतिसंकटग्रस्त ठरला. ज्या प्रेमाला मासा पुन्हा पुन्हा गळाला लागायला हवा असतो, ते प्रेम नदीचं भलं ओळखतंच असं नाही.

माशावर जीव लावण्याची दुसरी रीत महाराष्ट्रात जुनी आहे. महाडजवळ काळ नदीवरच्या वाळणकोंडीतले मासे वरदायिनी देवीचे. त्यांना कोणी हात लावत नाही. वाडा तालुक्यात तिळसेश्वराच्या पायाशी वैतरणेत, देहूला इंद्रायणीच्या डोहात भाविक माशांना खाऊ घालतात. लाह्या पडल्या की पाण्याखालून काळसर पाठी वर येतात, जाड ओठ उघडतात, आणि काठावरची पोरं ओरडतात. गळाशिवाय महाशीर इतक्या जवळून दिसतो. ही श्रद्धा संशोधकांनाही मोलाची वाटते, कारण डोह राखला की जात राखली जाते. तिचा तोकडेपणाही दिसतो: डोहातला मासा देवाचा, पण वरच्या अंगाने नदीत सोडलेलं सांडपाणी कोणाचंच नाही. इंद्रायणीवर तरंगणारा फेस आळंदीच्या वारकऱ्याने डोळ्यांनी पाहिला आहे.

म्हणून मुळशीत सुट्टी घालवणाऱ्या कुटुंबाने दांडा घरी ठेवावा, असं इथे स्पष्ट म्हणायचं आहे. भुकेसाठी गळ टाकणाऱ्या कातकऱ्याला मात्र हा उपदेश लागू नाही. त्याच्यापुढचा पेच निराळा आणि अधिक अवघड आहे. पहिल्या पावसात ओढ्यांतून वर चढणारे मासे गाभोळीने भरलेले असतात, तेव्हाच सहज सापडतात, आणि तेव्हाच घरात धान्य संपत आलेलं असतं. समुद्रात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद ठेवता येते. ओढ्याकाठच्या झोपडीला ते दोन महिने उपाशी राहा, असं सांगायचं असेल, तर तिच्या पोटाची सोय आधी करावी लागेल. आणि ज्यांनी वीज वापरली, पाणी वापरलं, तलावाचं सौंदर्य वापरलं, त्यांच्याकडेच तो खर्च मागावा लागेल.