उतारवयातील छंद : मोह की साधना?

संसाराची जबाबदारी हलकी झाल्यावर मनुष्याने नव्याने एखाद्या छंदात रमावे काय, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. वस्तुतः तो तसा नाही. आपल्या पांढुर्णा-सौंसर भागात कॅमेरा आता फोनमधूनच घरोघरी आला आहे. संत्र्याच्या बागेतील बहर टिपताना एखादे आजोबा भान हरपून उभे राहिले, तर घरची मंडळी हसतात. हा वानप्रस्थातील नवा मोह तर नव्हे, अशी शंका त्यांच्याही मनास शिवत असेल.

वय आड येत नाही, यास दाखले आहेत. कलकत्त्यास १८१५ साली जन्मलेल्या ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन यांना मुलीने व जावयाने कॅमेरा भेट दिला तो १८६३ साली, वयाच्या ४८ व्या वर्षी. आज त्यांची व्यक्तिचित्रे श्रेष्ठ गणली जातात. आपले दादासाहेब फाळके छायाचित्रण आधीच शिकले होते. परंतु चलच्चित्राचा ध्यास त्यांना लागला तो चाळिशीत. १९१२ साली वाटाण्याच्या रोपाची वाढ दिवसेंदिवस थोडी थोडी टिपून त्यांनी ती पडद्यावर दाखविली. वाटाणा सर्वांनीच पाहिलेला असतो. त्याची वाढ पाहण्याइतका धीर थोड्यांपाशी असतो. छंदाने असा धीर येत असेल, तर त्यास मोह म्हणणे योग्य नव्हे.

तथापि खरी कसोटी पुढेच आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जांब नदीच्या पात्रात पांढुर्णा व सावरगाव यांची गोटमार होते. पळसाच्या झाडावरील झेंड्यासाठी दोन्ही तीरांवरून दगड सुटतात, कित्येक जखमी होतात. असा रक्ताळलेला मनुष्य काठावर समोरच कोसळला असता त्याचे छायाचित्र घ्यावे, की कॅमेरा खाली ठेवून त्यास उचलू लागावे? बातमीदार म्हणेल, चित्र पाहिल्यावाचून समाज जागा होत नाही. त्यात तथ्य आहे. परंतु ज्यास वृत्तपत्राचे बंधन नाही, नावलौकिकाची निकड नाही, त्या वयस्कास ही सबब सांगता येणार नाही. त्याने आधी हात द्यावा. चित्र हुकले तरी त्याचे काही बिघडत नाही. उतारवयाचे हेच तर स्वातंत्र्य आहे.

तेव्हा वडीलधाऱ्यांनी हा छंद खुशाल जोपासावा व मुलांनी त्यांस हसू नये, असे आम्हांस वाटते. मात्र हुकलेल्या चित्राची हळहळ समोरच्याच्या वेदनेहून मोठी वाटू लागली, की साधना संपून मोह सुरू झाला असे समजावे.