राखीव वेग

गरजेपुरते सामर्थ्य बाळगावे की गरजेहून अधिक, हा प्रश्न आपल्याकडे बहुधा धनाच्या संदर्भात विचारला जातो. अपरिग्रहाची चर्चा निघाली की दागिने, जमीनजुमला आणि बँकेतील ठेवी एवढेच डोळ्यांपुढे येते. आम्ही तो येथे एका मोटारीच्या निमित्ताने विचारीत आहोत. निवृत्तीनंतर आम्ही जी मोटार घेतली ती आमच्या वयाला, आमच्या निवृत्तिवेतनाला आणि इंदूरच्या रस्त्यांना शोभत नाही, असे आमच्या स्नेहीमंडळाचे एकमुखी मत आहे. इतके एकमत त्यांच्यात अन्य कोणत्याही विषयावर झाल्याचे आम्हांस स्मरत नाही.

मोटार तशी लहानच. फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय, २०१५ सालची, वापरलेली. हे मॉडेल आपल्याकडे २०१३ मध्ये आले. पुण्याजवळ चाकणच्या कारखान्यात ते तयार होई, आणि २०२२ मध्ये भारतातील पोलोचे उत्पादनच थांबले. बाहेरून पाहणाऱ्यास ती चारचौघींसारखीच दिसते. फरक आहे तो बॉनेटखाली. त्या काळच्या साध्या पेट्रोल पोलोत ७५ अश्वशक्तीचे तीन सिलिंडरचे इंजिन असे. जीटीमधील ११९७ सी.सी.चे चार सिलिंडरचे टर्बो इंजिन १०५ अश्वशक्ती देते, आणि त्याला दोन क्लचचा, सात गिअरचा स्वयंचलित गिअरबॉक्स जोडलेला आहे. आजच्या बड्या गाड्यांपुढे हा आकडा फार मोठा नव्हे. परंतु ज्या पिढीने मारुती ८०० च्या ३७ अश्वशक्तीत चार माणसे, दोन ट्रंका आणि लोणच्याची बरणी घालून मुंबई-पुण्याच्या लग्नकार्यांना हजेरी लावली, तिला तो उधळपट्टीचा वाटला तर नवल नाही.

या गाडीने आम्ही काय करतो? भाजी आणतो. लोकमान्य नगरातून राजवाड्याकडे वाचनालयाची पुस्तके बदलावयास जातो. महिन्यातून एकदा उज्जैनला, पंचावन्न किलोमीटर. शहरात ताशी तीस-चाळीसच्या वर काटा क्वचितच सरकतो. तेव्हा स्नेह्यांचा प्रश्न रास्त आहे : उरलेली शक्ती कशासाठी?

‘गरज’ हे माप आम्हांस पहिल्यापासूनच अपुरे वाटत आले आहे. इंदूरच्या उस्ताद अमीर खाँसाहेबांची कीर्ती झाली ती अतिविलंबित लयीसाठी. झूमऱ्याच्या त्या संथ आवर्तनात बसलेला ऐकणारा पुरता जाणून असतो की, या गळ्यात विजेसारखी तान आहे, आणि ती या क्षणी घेतली जात नाही. ज्याच्यापाशी द्रुत नाहीच त्याचे विलंबित आणि ज्याने द्रुत राखून ठेवले आहे त्याचे विलंबित, यांत अंतर असते. आमच्या गाडीच्या संथ चालण्यातही असे काही आहे. पॅडलला पाय जेमतेम टेकलेला असावा, गाडी निमूट चालावी, आणि आणखी बरेच काही शिल्लक आहे याची जाणीव तळपायाला असावी, यात एक प्रकारचे स्वास्थ्य आहे. ते नाकारणे आम्हांस ढोंग वाटते.

मात्र हा दृष्टान्त फार ताणता येत नाही. गवयाची तान फसली तर मैफलीत चार माना हलायच्या थांबतात. मोटारीची तान फसली तर तिची किंमत मैफलीत नसलेला माणूस मोजतो. म्हणून आमच्या जुन्या व्यवसायातला दृष्टान्त अधिक जवळचा आहे. शासकीय अधिकाऱ्याच्या हाती प्रदत्त अधिकार असतात. त्यांतील कित्येक अधिकार तो पूर्ण सेवेत दोन-तीनदाच वापरतो. पण ते आहेत हे समोरच्याला ठाऊक असते, आणि पुष्कळशी कामे तेवढ्यानेच होतात. त्या अधिकारांच्या मागे मात्र लेखापरीक्षण असते, अपील असते, कधी न्यायालयही असते. ॲक्सिलरेटरच्या मागे असले काहीही नाही. तेथे आदेश काढणारा, अंमलबजावणी करणारा आणि तपासणी करणारा एकच इसम, आणि तोही उकाड्याने वैतागलेला.

याच इंदूरच्या महाराजा यशवंतराव होळकर दुसरे यांच्यासाठी १९३० च्या दशकात एक अमेरिकन ड्यूझेनबर्ग मोटार तयार झाली होती. तिचा सांगाडा प्रचंड, इंजिन त्याहून प्रचंड, लंडनच्या गर्नी नटिंगने बांधलेली बॉडी मात्र दोन माणसांची. गरजेच्या मापाने पाहिले तर त्या मोटारीचे समर्थन करता येणार नाही आणि सौंदर्याच्या मापाने पाहिले तर निषेध करता येणार नाही. पण तो काळ रस्ते मोकळे असण्याचा आणि मोटार हीच एक अपूर्वाई असण्याचा. आज रस्ता सर्वांचा आहे, आणि त्यावर सर्वजण एकाच वेळी असतात.

खरी कसोटी लागली ती गाडीत सुधारणा करण्याची वेळ आली तेव्हा. अशा गाडीचा मालक ती घेतली तशी ठेवू शकत नाही. हा त्या जातीचा स्वभावच आहे. प्रथम टायर बदलले. मूळचे १८५/६० आर १५ मापाचे होते, ते झिजलेही होते. त्यांच्या जागी १९५/६० घेतले. रुंदी दहा मिलिमीटरने वाढली, व्यासही सुमारे दोन टक्के वाढला. म्हणजे मीटर पूर्वीइतकेच शंभर दाखवील तेव्हा गाडी पूर्वीपेक्षा दोनने अधिक धावत असेल, हे ध्यानी ठेवणे आले. मग ब्रेकचे चांगल्या प्रतीचे पॅड, ब्रेक ऑइल, आणि थकलेले शॉकॲब्सॉर्बर. या खर्चाविषयी घरातून विचारणा झाली तेव्हा ‘सुरक्षिततेसाठी’ असे उत्तर आम्ही दिले. ते खरे होते, पण संपूर्ण खरे नव्हते. वळणावर गाडी अधिक नेटकी वळते, याचा आनंदही त्या खर्चात धरलेला होता.

पुढे गॅरेजमधल्या होतकरू मेकॅनिकने सुचविले की, इंजिनच्या संगणकातील आज्ञावली बदलून घ्यावी. एकही सुटा भाग न बदलता वीस-पंचवीस अश्वशक्ती वाढेल. सायलेन्सरही बदलता येईल, आवाज ‘भारदस्त’ होईल. येथे आम्ही थांबलो. कायदा एक कारण होतेच. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलांशी विसंगत असा बदल मालकास करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते ठामपणे सांगितले आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने प्रत्येक बेकायदा बदलास पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही ठेवले. पण आज्ञावलीतला बदल डोळ्यांना दिसत नाही, आणि कोणी तपासावयासही येत नाही. जे कोणी तपासत नाही त्याविषयीच नीतीचा प्रश्न खऱ्या अर्थाने उभा राहतो.

आमचा निकष असा ठरला की, बदलाचा लाभ कोणास आणि भार कोणावर, हे पाहावे. भारदस्त आवाजाचा आनंद आमचा, त्याचा भार गल्लीतल्या आजारी माणसावर. डोळे दिपवणाऱ्या पांढऱ्या दिव्यांचा लाभ आमचा, भार समोरून येणाऱ्या स्कूटरस्वाराच्या डोळ्यांवर. वाढीव अश्वशक्तीचा भार आज कोणावरही नाही. तो पडेल त्या दिवशी मात्र एकदम पडेल. थोडे गणित करून पाहावे. धोका दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत एक सेकंद धरला आणि कोरड्या रस्त्यावर बऱ्यापैकी ब्रेक लागले, तर ताशी चाळीसच्या वेगाने जाणारी गाडी सुमारे वीस मीटरमध्ये थांबते, साठला सदतीस, ऐंशीला अठ्ठावन्न. वेग दुप्पट झाला, अंतर जवळजवळ तिप्पट. रस्ता ओलांडणारी म्हातारी हे गणित करीत नाही, आणि तिने ते करावे अशी अपेक्षाही रास्त नव्हे.

येथवर निकष सोपा वाटतो. पण चांगल्या ब्रेकनाही तो लावून पाहावा. १९८० च्या दशकात म्यूनिखमध्ये टॅक्सींवर एक प्रसिद्ध प्रयोग झाला. काही गाड्यांना चाके न अडकू देणारी एबीएस ब्रेकयंत्रणा बसविली, काहींना नाही. एबीएसवाल्या गाड्यांचे अपघात अपेक्षेप्रमाणे घटले नाहीत; त्यांचे चालक अधिक आक्रमकपणे गाडी हाकू लागले होते. म्हणजे सुरक्षिततेची जी शिल्लक यंत्राने मिळवून दिली ती माणसाने वेगात खर्चून टाकली. दुसरी गोष्ट आम्हांस स्वतःला उज्जैनच्या रस्त्यावर सुचली. आमची गाडी आता झटकन थांबते. पण आमच्या मागे जो मनुष्य झिजल्या टायरांच्या मोटारसायकलवर बायको-मुलासह येत असतो, तो झटकन थांबत नाही. उत्तम ब्रेक असलेल्याने म्हणूनच ब्रेक लवकर आणि हळू लावले पाहिजेत. साधन सुधारले तसे कर्तव्य कमी न होता वाढलेच.

स्नेह्यांपैकी एकजण म्हणतात, ‘‘मग तुम्ही साधीच गाडी का घेत नाही? एवढा विचार तरी वाचेल.’’ हा युक्तिवाद सगळ्यांत बळकट आहे. ईशावास्यातील त्यागपूर्वक भोगाची कल्पना सांगून आम्ही त्यास उत्तर देऊ शकलो असतो. पण प्रत्येक हौसेला उपनिषदाचे प्रमाणपत्र जोडणे आम्हांस रुचत नाही. आम्हांस ती गाडी आवडते, एवढेच उत्तर आहे. वेगालाही त्याची जागा आहे. आमच्यापासून फार दूर नसलेल्या पीथमपूर येथे नॅट्रॅक्सचा ११.३ किलोमीटरचा अतिवेगवान वर्तुळाकार चाचणीमार्ग २०२१ मध्ये सुरू झाला. तेथे म्हातारी रस्ता ओलांडत नाही. पण आमचे जाणेयेणे तेथे नाही, राजवाड्याकडे आहे.

या साऱ्या विवेचनात एक उणीव राहते, आणि ती स्नेह्यांनी नव्हे, आमच्या नातवाने उघडी केली. तो सतरा वर्षांचा आहे. मेकॅनिकची सूचना त्याला मनापासून पटली होती. ‘‘आजोबा, तुम्ही करून तर घ्या. तुम्ही थोडीच जोरात चालवणार आहात?’’ असे तो म्हणाला. त्याच्या म्हणण्यात तर्क होता. आमचा संयम एवढा खात्रीचा असेल तर शक्ती १०५ असो की १३०, काय बिघडते?

बिघडते ते असे की, संयम आमचा आहे, गाडीचा नव्हे. आमच्या सेवेत बदली झाली की प्रभाराची यादी होई : तिजोरीच्या किल्ल्या, शिक्के, नस्ती, मोजून घेतलेल्या खुर्च्या. ते अधिकार आजवर कोणत्या मर्यादेत वापरले गेले, याचा रकाना त्या यादीत कधीच नसे. गाडीचेही तसेच. आमच्यामागे किल्ली कोणाच्या तरी हाती जाईल. नातवाच्या, किंवा एखाद्या अनोळखी खरेदीदाराच्या. त्याला वाढविलेली अश्वशक्ती जशीच्या तशी मिळेल, आमची चाळीसची सवय मिळणार नाही.

मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरात एका महागड्या स्पोर्ट्‌स मोटारीच्या धडकेने मोटारसायकलवरील दोन तरुण अभियंते ठार झाले. दोघेही आमच्या मध्य प्रदेशातले, नोकरीसाठी पुण्यास गेलेले. गाडी सतरा वर्षांचा मुलगा चालवीत होता, असा पोलिसांचा आरोप आहे. त्या सुमारास येथील अनेक घरांत, ज्यांची मुले पुण्याला आहेत त्या घरांत, रात्री उशिरापर्यंत फोन चालले होते. २०१९ च्या दुरुस्तीने अल्पवयीन चालकाच्या गुन्ह्याबद्दल पालकास व मालकास तीन वर्षांपर्यंत कैद व पंचवीस हजार दंड ठरविला आहे. परंतु अठराव्या वाढदिवशी त्या कलमाचा संबंध संपतो. वाढदिवसाच्या आदल्या रात्री आणि दुसऱ्या सकाळी मुलगा तोच असतो.

नातवाचा तो वाढदिवस येत्या चैत्रात आहे. आज्ञावली आम्ही बदललेली नाही. परवाना मिळाल्यावर पहिले वर्ष त्याने त्याच्या आईची जुनी वॅगन-आर चालवावी आणि पोलोला हात लावायचा तर आम्ही शेजारच्या आसनावर असताना, असे आम्ही सुचविले आहे. त्यास ते अपमानास्पद वाटते. त्याची आई आमच्या बाजूची, वडील त्याच्या. आजीने अद्याप मत दिलेले नाही.