जागेची ओढ

तंजावरात टास्माकचं, म्हणजे सरकारी दारूचं, दुकान दुपारी बाराला उघडतं, रात्री दहाला बंद होतं. तमिळनाडूत दारूची किरकोळ विक्री २००३ पासून सरकारच्याच हातात आहे. दारू सोडलेला माणूस त्या दुकानाच्या पाटीसमोरून जाताना डळमळला, की घरचे म्हणतात, ‘मन घट्ट कर.’ दोष त्याच्या मनाचा, असंच आपण पिढ्यान्‌पिढ्या मानत आलो आहोत.

रशियन शास्त्रज्ञ पावलोव यांनी नोंदवलेल्या प्रयोगांत वेगळंच दिसलं होतं. मॉर्फिन टोचलेल्या कुत्र्यांना पुढे नुसती इंजेक्शनची तयारी पाहूनच लाळ सुटे, ओकारी येई. औषध अजून शरीरात गेलेलंही नसे. १९४८ साली अमेरिकेत लेक्सिंग्टनच्या रुग्णालयात एब्रहॅम विक्लर यांनी असंच काहीसं माणसांत नोंदवलं. कित्येक महिने मॉर्फिनपासून दूर असलेले रुग्ण नशेच्या गोष्टी निघताच जांभया देऊ लागत, त्यांच्या डोळ्यांना पाणी येई. सवय शरीराबाहेरच्या खुणांनाही चिकटलेली असते, हा विचार तिथून मूळ धरू लागला.

दारूबाबत हा विचार अधिक टोकदार केला तो उंदरांवरच्या प्रयोगांनी. माँट्रियलच्या कॉन्कॉर्डिया विद्यापीठातल्या नादिया चौधरी यांचं काम मला फार मोलाचं वाटतं. कराचीत जन्मलेल्या या संशोधिकेचं २०२१ मध्ये कर्करोगाने निधन झालं. पॅट्रिशिया जनक यांच्याबरोबरच्या त्यांच्या प्रयोगांत एका पिंजऱ्यात विशिष्ट खूण झाली की दारू मिळे. मग वेगळा वास, वेगळी जमीन असलेल्या दुसऱ्या पिंजऱ्यात तीच खूण पुन्हा पुन्हा दारूविना दिली. उंदरांचं दारूच्या वाटीकडे धावणं ओसरलं. पण पहिल्या पिंजऱ्यात परत ठेवून तीच खूण देताच, दारूचा थेंबही नसताना, ते पुन्हा वाटीकडे झेपावले. जुनं शिक्षण पुसलं गेलं नव्हतं. नवं शिक्षण दुसऱ्या पिंजऱ्यापुरतंच राहिलं होतं.

हे वाचताना मला चेन्नईत उपचार घेऊन तंजावरला परतणारा माणूस दिसतो. वॉर्डात त्याची ओढ खरोखरच शमलेली असते, तो खोटं बोलत नसतो. पण तो शिकला त्या वॉर्डात, आणि परततो बसस्टँडमागच्या त्याच गल्लीत, त्याच संध्याकाळी, त्याच मित्रांत. माणूस उंदीर नव्हे, त्याला रस्ता बदलता येतो. पण आधी कुणीतरी त्याला सांगायला हवं की रस्ताही आजाराचा भाग आहे.

रस्त्याचा विचार एकदा न्यायालयातही झाला. सर्वोच्च न्यायालयाने १५ डिसेंबर २०१६ रोजी ‘तमिळनाडू राज्य विरुद्ध के. बालू’ या खटल्यात महामार्गापासून ५०० मीटरच्या आत दारूचं दुकान नको, ते रस्त्यावरून दिसताही कामा नये, पाट्याही काढा, असा आदेश दिला. कारण होतं अपघातांचं. तरी ‘दिसू नये’ या अटीत व्यसनी माणसाचीही काळजी आपोआप घेतली गेली होती. जुलै २०१७ मध्ये न्यायालयाने स्पष्ट केलं की शहरांच्या हद्दीतल्या दुकानांना तो आदेश लागू नाही. म्हणजे घरी परतलेल्या माणसाला ज्या गल्लीत रोज वावरायचं असतं, नेमकी तीच त्यातून सुटली.