जेवढे दाम, तेवढा माल?

आजचं चिंतन : गीता, अध्याय १८, श्लोक ४६

भगवंत इथे सांगतात की आपापलं काम नीट करणं हीच ईश्वराची पूजा. म्हणजे दुकानदाराचं मापसुद्धा पूजाच, आणि आपली खरेदीही.

रात्रीच्या आमटीसाठी हळद घ्यायची असते. साताऱ्यात राहूनही आपण सांगलीचीच मागतो, कारण तिचं नाव आहे. हरिपूरला जमिनीखालच्या पेवांत ती साठवली जायची. २०१८ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं. अशा मालाला दोन पैसे जास्त दिले तर काही बिघडत नाही.

पण ज्याच्याकडे ते दोन पैसे नाहीत, त्याचं काय? "स्वस्तातली घेतली, मग भेसळ असणारच," असं आपण सहज बोलून जातो. मला हे पटत नाही. कमी पैशात हलक्या प्रतीची हळद मिळाली, तर तो व्यवहार झाला. पण हळद म्हणून मेटॅनिल यलोसारखा रंग मिळाला, तर ती फसवणूक. पैशावर प्रत ठरावी, खरेपणा नाही.

पालीच्या खंडोबाला भंडारा उधळतो, तीही हळदच. देवाला शुद्ध हवी, तर गरिबाच्या आमटीतही शुद्धच हवी ना?

आणि मित्रांनो, हा नियम आपल्यालाही लागू आहे. भाजीवाल्या मावशींकडून चुकून दहा रुपये जास्त परत आले, तर ते लगेच देऊन टाकायचे. आजची पूजा तीच.

रामकृष्ण हरी!